सल्ला फॉर्च्युनरचा, खिसा तुमचा

साताऱ्यात पोवई नाक्यावर विचारा, कराडात कोल्हापूर नाक्यावर विचारा, नाहीतर सांगलीत विश्रामबागेत विचारा. घरच्यांसाठी मोठी, जुनी, फोर बाय फोर गाडी घ्यायची आहे. फॉर्च्युनर बघू की एन्डेव्हर? प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर येतं. "डोळे झाकून फॉर्च्युनर घे. रिसेलला मरण नाही. एन्डेव्हरची कंपनी गेली निघून, पार्ट कुठनं आणणार?" सांगणारा भाऊबंद असतो, साडू असतो, कारखान्यावरचा ओळखीचा माणूस असतो. हेतू चांगलाच असतो. पण या सल्ल्यावर आयुष्याची शिल्लक घालून लोक कशा गाड्या घरी आणतात हे मी बघतो आहे, आणि म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

फॉर्च्युनर दणकट आहे, हे मला मान्य आहे. इंजिन लाखो किलोमीटर चालतं, हेही मान्य. माझी हरकत 'डोळे झाकून' या दोन शब्दांना आहे. मोजक्या पैशांत, घरच्या सहा-सात माणसांसाठी जुनी गाडी घेणाऱ्याला हा सल्ला बहुतेक वेळा जास्त वयाची, जास्त पळालेली आणि कमी सुरक्षित गाडी घ्यायला लावतो.

आधी दोन्ही गाड्यांची हकिगत नीट बघू, कारण बाजारात 'फॉर्च्युनर' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात. पहिली टोयोटाने आपल्याकडे ऑगस्ट २००९ मध्ये आणली. तीन लिटरचं डिझेल इंजिन, १७१ अश्वशक्ती, चारही चाकांना कायम ताकद, मागे ड्रम ब्रेक आणि एअरबॅग फक्त दोन. हे मॉडेल २०१६ पर्यंत विकलं गेलं. दुसरी नोव्हेंबर २०१६ ची: २.८ लिटरचं इंजिन, वरच्या प्रकारांत सात एअरबॅग, वळणावर गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा. जानेवारी २०२१ मध्ये तिची ताकद २०४ अश्वशक्तीपर्यंत वाढली.

फोर्डची एन्डेव्हर हे नाव आपल्याकडे २००३ पासूनचं. मात्र आज विचार करावा अशी एन्डेव्हर म्हणजे जानेवारी २०१६ ला आलेली. तिच्यात २.२ लिटर आणि ३.२ लिटर अशी दोन डिझेल इंजिनं होती. मोठं इंजिन पाच सिलिंडरचं, २०० अश्वशक्तीचं. टायटॅनियम या वरच्या प्रकारात पुढच्या, बाजूच्या आणि पडदा एअरबॅग आल्या. खालच्या ट्रेंड प्रकाराची यादी तोकडी आहे, म्हणून प्रकार कोणता ते आधी बघायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांसाठी ही दोन्ही इंजिनं गेली आणि दोन लिटरचं इंजिन दहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह आलं. पुढे दीड वर्षातच, सप्टेंबर २०२१ मध्ये, फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं.

२०१६ मध्ये या दोघींचे नव्याचे भाव जवळजवळ सारखे होते. दोन्ही पंचवीस लाखांच्या आतबाहेर सुरू होत आणि तीस-एकतीसच्या आसपास जाऊन थांबत. दोन्ही शिडीच्या चौकटीवर उभ्या, दोन्ही सात आसनी, दोन्ही दोन टनांहून जड. फोर बाय फोर प्रकारात टायरसुद्धा एकाच मापाचे, २६५/६० आर १८. दोघींमध्ये आज जो काही लाखांचा फरक पडला आहे, तो लोखंडात नाही. तो बाजाराच्या भीतीत आहे.

आता रिसेलचं बोलू, कारण सगळा सल्ला तिथेच अडकलेला असतो. हिशेबासाठी काही आकडे धरू. समजा, एकाच वर्षाच्या, सारख्याच पळालेल्या दोन गाड्या आहेत. फॉर्च्युनर पंचवीसला आणि एन्डेव्हर अठराला. पाच वर्षांनी फॉर्च्युनर सतराला गेली, एन्डेव्हर दहाला. तोटा दोघींचा आठच लाख. फॉर्च्युनरवाल्याच्या हातात विकताना जास्त रक्कम येते, पण घेताना ती त्यानेच जास्त मोजलेली असते. मधली पाच वर्षं त्याचे सात लाख दारात उभे. ते सात लाख कर्जाने आणले असतील तर दहा टक्क्यांनी पाच वर्षांत व्याज जातं एक लाख नव्वद हजारांच्या घरात. आता वाईटात वाईट धरा आणि एन्डेव्हर दहाऐवजी आठला विकली गेली असं म्हणा. दोन लाखांचा तोटा वाढला; जवळजवळ तेवढं व्याज आधीच वाचलेलं आहे. मग रिसेलचा फायदा नेमका कुठे गेला?

शिवाय रिसेल सरकारच्या एका निर्णयाने हलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून पन्नास टक्क्यांच्या आसपास जाणारा भार चाळीस टक्क्यांवर आला आणि नव्या फॉर्च्युनरच्या किमती साडेतीन लाखांपर्यंत उतरल्या. नवी गाडी एवढी स्वस्त झाल्यावर त्याआधीच्या महिन्यात ज्याने चढ्या भावाने जुनी घेतली, त्याच्या रिसेलचं काय झालं असेल?

आणि हा हिशेब तर दोन्ही गाड्या एकाच वर्षाच्या धरून केला. प्रत्यक्षात घेणाऱ्याकडे पंचवीस नसतात, अठराच असतात. अठरांत फॉर्च्युनर बसवायची म्हणून तो वर्षं मागे सरकतो किंवा किलोमीटर पुढे सरकतो. मग त्याच्या वाट्याला येते दोन लाख किलोमीटर झालेली नवी, नाहीतर दोन एअरबॅगची जुनी. त्याच पैशांत अलीकडच्या वर्षाची, निम्मी पळालेली, पडदा एअरबॅग असलेली दुसरी गाडी शेजारी उभी असते, आणि तिच्याकडे तो बघतही नाही. घरची सगळी माणसं गाडीत बसवून खंबाटकी उतरणाऱ्या माणसाने पाच वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाचा विचार आधी करावा आणि मागच्या सीटवरच्या मुलांचा नंतर, हे मला पटत नाही.

सल्ल्याचा दुसरा भाग कंपनी गेल्याचा. हा मुद्दा पोकळ नाही. फोर्डने उत्पादन थांबवलं, पण सेवा आणि सुटे भाग देत राहू असंही जाहीर केलं. गुजरातेतला साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. एन्डेव्हर जिथे बनायची तो चेन्नईजवळचा मराईमलाई नगरचा कारखाना फोर्डने स्वतःकडेच ठेवला, आणि निर्यातीसाठी तो पुन्हा वापरण्याचा इरादा सप्टेंबर २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारला लेखी कळवला. यातून एन्डेव्हर परत येईल असा अर्थ मी काढत नाही. एवढंच म्हणतो, की 'गेली निघून' हे पुरतं खरं नाही.

आपल्या भागाला हा अनुभव नवाही नाही. तळेगावला कारखाना असलेल्या शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. त्यानंतरही तवेरा आपल्याकडे वडापला धावत राहिल्या. कंपनी गेल्यावरही ज्या गाडीवर माणसाचं पोट आहे, तिचे क्लच, बेअरिंग, ब्रेक पॅड कोणी ना कोणी पुरवतच राहतं. एन्डेव्हरची बाजू तर त्याहून बरी आहे. तिचंच भावंड एव्हरेस्ट या नावाने थायलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेत विकलं गेलं, आणि ३.२ चं इंजिन रेंजर या पिकअपमध्येही बसलं. त्यामुळे इंजिनाचे, सस्पेन्शनचे भाग जगात बनत आहेत आणि मिळत आहेत.

खरी अडचण पत्र्याची आणि काचेची आहे. पुढचा दिवा फुटला, बंपर गेला, दाराचा पत्रा चेपला, तर थांबावं लागू शकतं, आणि विम्याचं काम भाग येईपर्यंत अडकतं. फोर्डची सेवाकेंद्रं कमी झाली आहेत. इथल्या माणसाला मोठ्या दुरुस्तीसाठी कोल्हापूर किंवा पुणे गाठायची तयारी ठेवावी लागेल. म्हणून एन्डेव्हर घेणाऱ्याने टोकन द्यायच्या आधी पुढचा दिवा, समोरची काच आणि बाजूचा आरसा यांचा भाव आणि मिळायला लागणारा वेळ फोन करून विचारावा, आणि भावातून वाचलेल्या पैशांतले दोन लाख बाजूला ठेवावेत. ज्याला ही तयारी नको, त्याने एन्डेव्हर घेऊ नये. पण भीती म्हणून सोडणं वेगळं आणि हिशेब करून सोडणं वेगळं.

कधी कधी या सल्ल्यात किर्लोस्करांचं नाव येतं. "टोयोटा किर्लोस्कर म्हणजे आपल्याच मातीतली." या मायेचं मूळ मला कळतं. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि गाव उभं केलं. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी १९९७ मध्ये टोयोटाला इथे आणण्यात मोठा वाटा उचलला. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा सांगलीकरांनाही हळहळ वाटली. पण फॉर्च्युनर तयार होते कर्नाटकात बिडदीला, आणि कंपनीतला फार मोठा हिस्सा जपानी टोयोटाचा आहे. किर्लोस्करवाडीच्या माळावरचा अभिमान जुन्या गाडीचा चेसिस नंबर तपासताना कामाला येत नाही.

त्याहून वजनदार मुद्दा मेकॅनिकचा. "फॉर्च्युनर कोणीही खोलतो, एन्डेव्हर कोणालाच कळत नाही." यात तथ्य आहे, आणि ते किती आहे हे एका साध्या कामावरून सांगतो. आपल्याकडचा चांगला मिस्त्री ऑइल बदलताना खालचा बोल्ट काढतो, घमेलं लावतो आणि म्हणतो, "निथळू दे निवांत, जुना थेंब राहायला नको." मग चहा होतो, दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं जातं, अर्धा-पाऊण तास जातो. बहुतेक इंजिनांना याने काही होत नाही. एन्डेव्हरच्या ३.२ इंजिनाला होतं. तिचा ऑइल पंप फार वेळ रिकामा राहिला तर पुन्हा तेल ओढत नाही. गाडी चालू करताच बेअरिंग कोरडी घासली जातात आणि इंजिन जाऊ शकतं. ऑइल सोडल्यापासून दहाएक मिनिटांत बोल्ट लावून नवं भरायचं, एवढं एकच पथ्य आहे. मिस्त्रीच्या प्रामाणिकपणानेच इंजिन मरतं, ही यातली वाईट गोष्ट. तेव्हा ३.२ बघायला जाल तेव्हा मालकाला विचारा, ऑइल कुठे बदललं आणि कोणी. बिल दाखवता आलं नाही, तर भाव कितीही उतरला तरी परत या. आणि गाडी घेतलीत तर ऑइल बदलताना समोर उभे राहा.

फॉर्च्युनरला असं पथ्य नाही. हा तिचा खरा गुण आहे आणि मी तो लपवत नाही. पण तिचीही काळजी आहेच. बीएस-६ च्या दोन्ही डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी गाळणी असते. ती जळून साफ व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते. घर ते शेत, शेत ते सोसायटी, सोसायटी ते घर, असं तीन-चार किलोमीटरचं फिरणं असेल तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च येतो. अशा माणसाने यातली कुठलीच बीएस-६ घेऊ नये. त्याला २०२० च्या आधीची बरी.

मेकॅनिकपेक्षाही मोठी गोष्ट गाडीच्या पूर्वायुष्याची, आणि सांगली जिल्ह्यात ते पूर्वायुष्य पाण्यातून गेलेलं असू शकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा नदीने धोक्याची पातळी बरीच ओलांडली. त्या दोन पुरांत गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, पलूस आणि वाळव्याकडची गावं बुडाली, त्यांच्याबरोबर दारातल्या गाड्याही बुडाल्या. विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून भरपाई दिलेली गाडी लिलावात जाते, तिथून कोणीतरी घेतो, धुतो, सीटकव्हर बदलतो, आणि ती "एक हाती, शोरूम मेंटेन" म्हणून परत बाजारात येते.

सांगलीजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या बाजारात एक अशी मोठी पांढरी गाडी मी बघितली होती. पत्रा चकचकीत, आत सुगंध मारलेला, मीटरवर पन्नास हजारांच्या आत. मधल्या रांगेतला सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. पट्टा दोन हात स्वच्छ आला, आणि मग रिळाजवळच्या भागावर मातकट रेघ दिसली. नखाने खरवडली तर वाळलेल्या गाळाचे कण निघाले. पुढच्या सीटच्या खालची पट्टी चाचपली तर गंज बोटाला लागला. विकणारा म्हणाला, "मुलांनी चिखलाचे पाय लावले असतील." मुलांचे पाय सीटबेल्टच्या रिळात जात नाहीत. एअरबॅगचा मेंदू असलेली पेटी पुढच्या दोन सीटच्या मध्ये, जमिनीलगत असते. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर ती पेटी भिजलेली आहे, आणि अपघातात एअरबॅग उघडेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. अशा गाडीवर फॉर्च्युनरचं नाव असलं काय आणि एन्डेव्हरचं असलं काय?

म्हणून टोकनच्या आधी सगळे पट्टे ओढायचे, मागचा गालिचा उचलायचा, सुट्या चाकाचा नट बघायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१८ ची गाडी, मीटर चाळीस हजारांचं आणि टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर चाळीस हजारांच्या आतच का संपले हे विचारायचं. मीटर मागे करणं पाच मिनिटांचं काम आहे. पेडलच्या रबराची झीज मागे करता येत नाही. फॉर्च्युनरच्या बाबतीत तर हे जास्तच बघावं लागतं, कारण आपल्याकडे त्या ठेकेदारांनी, पुढाऱ्यांच्या ताफ्यांनी बेदम पळवलेल्या असतात. तिचा फायदा असा, की शोरूममधला सर्व्हिसचा इतिहास गाडीच्या नंबरवरून काढता येतो. ज्या गाडीचा तो इतिहास सलग आहे, तिला दोन पैसे जास्त द्यायला माझी ना नाही.

आता फोर बाय फोरचा प्रश्न. "पूर येतो, शेतात जावं लागतं, म्हणून फोर बाय फोर, आणि फोर बाय फोर म्हणजे फॉर्च्युनर." या वाक्यात दोन चुका आहेत आणि पहिली जिवावर बेतणारी आहे. ८०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी एन्डेव्हरबद्दल सांगायची. तो आकडा साचलेल्या, उथळ, तळ माहीत असलेल्या पाण्याचा. वारणेच्या किंवा येरळेच्या फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्याला तो लागू नाही. दोन फुटांचा जोरदार लोंढा दोन टनांची गाडीही बाजूला सरकवतो, आणि चारही चाकं फिरत असली तरी जमीनच सुटल्यावर ती कशाला धरणार? घरच्यांना घेऊन पुराच्या पाण्यात घालण्यासाठी कोणतीही गाडी बनलेली नाही.

शेताचं म्हणाल, तर पाणंद रस्त्यावर काळ्या मातीत गाडी रुतते ती टायरमुळे. रस्त्याचे गुळगुळीत टायर असलेली फोर बाय फोर मिरजेकडच्या रानात दोन पावलांत चिखलाचे गोळे घेऊन बसते आणि शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

फोर बाय फोरचा घरासाठी खरा उपयोग आहे तो घाटात आणि डोंगरात: पावसाळ्यात केळघरमार्गे मेढ्याहून महाबळेश्वर, कोयनानगरहून कुंभार्ली उतरून चिपळूण, कासवरून बामणोली, ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचं पठार, शिराळ्याहून चांदोलीकडे. इथे पाणी, शेवाळ, खडी, धुकं आणि पुन्हा कोरडं डांबर, असं दर वळणावर बदलतं. २०१६ नंतरच्या फॉर्च्युनरची फोर बाय फोर खटका फिरवून लावायची असते, आणि कोरड्या डांबरावर ती लावून वळणं घेऊ नयेत, नाहीतर गिअर आणि शाफ्टवर ताण येतो. एन्डेव्हरची फोर बाय फोर स्वतःच बघते, कोणत्या चाकाची पकड सुटते आहे, आणि तशी ताकद वाटून देते. चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही. शेतकऱ्याला, जंगलात फिरणाऱ्याला खटका बरा. घरचे चार वेगवेगळे लोक चालवणार असतील, तर आपोआप चालणारी व्यवस्था जास्त कामाची. माझ्या पाहण्यातल्या कित्येक फॉर्च्युनरचा तो खटका घेतल्यापासून फिरलेलाच नाही. जुनी घेताना तो फिरवून, लो रेंज लावून, दहा मीटर मातीवर चालवून बघा. न वापरल्याने ती यंत्रणा अडकलेली असू शकते.

घरचे चालवणार म्हटलं की स्टिअरिंगचाही विचार येतो. एन्डेव्हरचं स्टिअरिंग विजेवर चालतं, मंडईत गाडी लावताना एका हाताने फिरतं. फॉर्च्युनरचं जड आहे. सूनबाई किंवा मुलगी गाडी घेऊन मिरजेच्या दवाखान्यात जाणार असेल, तर ही किरकोळ बाब राहत नाही. मागची रांगही बघा. फॉर्च्युनरच्या तिसऱ्या रांगेच्या सीट दुमडून दोन्ही बाजूंना टांगाव्या लागतात आणि सामानाची जागा अरुंद होते. एन्डेव्हरच्या सपाट जमिनीत जातात. औदुंबर-नरसोबाची वाडी करून येताना चार माणसं आणि मागे चार पोती ज्वारी टाकायची असतील, तेव्हा हा फरक कळतो. उंचीच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच कठोर आहेत. गुडघे दुखणाऱ्या आईला दोन्ही गाड्यांत चढणं अवघड आहे. सौदा करायच्या आधी तिला एकदा बसवून बघावं. ती "मी घरीच बरी" म्हणाली, तर सौदा तिथेच थांबवावा.

शेवटी उरतो मानाचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. "दारात फॉर्च्युनर उभी असली की माणूस विचारून बोलतो." ही गाडी मानाचं माप झाल्यामुळे आपल्याकडे काय काय झालं आहे ते आठवा. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात एका तरुण सुनेचा मृत्यू झाला, आणि तिच्या लग्नात सोन्या-चांदीबरोबर फॉर्च्युनर दिली होती हे अख्ख्या महाराष्ट्राने वाचलं. ती बातमी एका घराची होती, पण लग्नाच्या बैठकीत गाडीचं नाव घेणारी घरं सातारा-सांगलीतही कमी नाहीत. उसाचं बिल अजून यायचं आहे, द्राक्षाची बाग अवकाळीत गेली आहे, आणि तरी सोयरिकीत बसायचं म्हणून जुनी का होईना फॉर्च्युनर कर्जाने दारात आणणारे मला माहीत आहेत. त्यांना कोणी सांगत नाही, की या सल्ल्यात तुमच्या घराचा विचार कुठेच नाही. हप्ता तुम्हाला भरायचा आहे. विचारून बोलणारा माणूस त्यातला एक रुपया देणार नाही.

स्वस्त फॉर्च्युनरच्या नादात आणखी एक खड्डा आहे, तो परराज्यातल्या गाड्यांचा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने टाच आली, आणि दहाच्या जवळ आलेल्या मोठ्या डिझेल गाड्या तिकडून स्वस्तात निघून दक्षिणेकडे येऊ लागल्या. विटा-आटपाडीकडचे, सोनं-चांदी गाळणारे गलाई बांधव देशभर पसरलेले असल्यामुळे "आमच्या पाहुण्याची पंजाब पासिंगची आहे" असं सांगून दिलेली गाडीही सहज विश्वासाची वाटते. गाडी चांगली असेलही. पण तिकडची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात नसेल, कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ नसेल, तर ती एमएच ११ किंवा एमएच १० वर चढणार नाही. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला एकरकमी कर १५ टक्के आहे. जुनीला वयाप्रमाणे कमी लागतो, पण भरावा लागतोच, आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळवणं हे वेगळंच काम. दोन लाख स्वस्त मिळालेली गाडी इथे पासिंग करेपर्यंत इथल्याच भावाला येते. इथल्या गाडीला फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन नाव बदलणं सरळ आहे. नाव बदलल्यापासून चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा. हे काम राहून जातं, आणि अपघात झाला की मग धावपळ होते.

मी कोणाला कधी फॉर्च्युनर सुचवीन, तेही सांगतो. रोज शंभर किलोमीटर चालणारी गाडी असेल, गाव जतच्या पलीकडे असेल, दहा वर्षं गाडी विकायची नसेल, आणि २०१६ नंतरची, सलग सर्व्हिस असलेली फॉर्च्युनर कर्ज न काढता परवडत असेल, तर तीच घ्यावी. बारा वर्षांची, दोन एअरबॅगची, तिसऱ्या मालकाकडची फॉर्च्युनर केवळ नावासाठी घ्यायला निघालेल्या तासगावच्या किंवा कोरेगावच्या घराला मात्र मी २०१८-१९ ची ३.२ टायटॅनियम एन्डेव्हर बघायला सांगेन: ऑइलची बिलं असलेली, पट्टे कोरडे असलेली, दोन लाख बाजूला ठेवून. ती मिळाली नाही, तर दोन महिने थांबायला सांगेन. जुन्या गाड्यांचा बाजार दर दिवाळीला, दर गळीत हंगामाच्या शेवटी पुन्हा भरतो.